पाणी न धरणारा बूट

शिरूर (घोडनदी)
२८ जून २००४

श्रीमती राजश्री सम्राट रणपिसे, सहशिक्षिका, दौंड यांस
सप्रेम जयभीम.

आपलं शाळेच्या शिक्क्याचं पत्र मिळालं. पाचवीच्या सव्वीस मुली, दोन शिक्षिका, ऑगस्टमध्ये जुन्नरच्या पलीकडं दोन दिवसांची पायी सहल, वाटेत पाच-सहा ओढे आणि एक नदी. त्यासाठी कोणते बूट घ्यावेत, असं आपण विचारलं आहे. वर पत्ता टाईप केला आहे, 'प्रोप्रायटर, राजश्री फुटवेअर'. स्वतःचंच नाव पत्त्यात टाईप करताना हात थांबला असेल का, एवढं मनात आलं. मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे, असं तू शेवटी लिहिलंस. ते न लिहिताही मला कळलं असतं.

आता कामाचं. पाऊस आणि ओढे म्हटल्यावर पाय कोरडा ठेवायचा विचार आधी सोडून द्या. गुडघाभर पाण्यात कुठलाही बूट भरणारच. भरलेलं पाणी किती पावलांत बाहेर जातं, तेवढं बघायचं. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट पाणी पितात आणि सोडत नाहीत. घमेल्यात बुडवून काढले तर दोन तासांनीही पिळल्यावर धार लागते, आणि ओलं कापड टाचेला घासून फोड येतात. स्लिपर चिखलात रुतते, मूल ती काढायला वाकतं आणि तोल जातो. पट्ट्यांचे सँडल, ज्यांना हल्ली फ्लोटर म्हणतात, पाणी अजिबात धरत नाहीत, पण बोटं उघडी राहतात, ठेच लागते, बारीक खडे तळव्याखाली जाऊन बसतात. तुम्हा दोघी शिक्षिकांना चालतील. मुलींना नकोत.

मुलींसाठी पुढून बंद, टाचेला घट्ट आणि वरून नायलॉनची जाळी असलेला हलका बूट घ्यावा. आतली गादी स्पंजची नको. सोल मऊ रबराचा, आडव्या खाचांचा. कडक प्लास्टिक शेवाळावर घसरतं. या बुटांना आतल्या बाजूनं, तळव्याच्या खोलगट भागापाशी, सोलच्या अगदी वर मी दोन-दोन भोकं पाडून देईन. चवड्यापाशी पाडली तर वाळू आत येते. अशा बुटातलं पाणी अकरा ते चौदा पावलांत निघून जातं. मी मोजलं आहे. मोजे सुती नकोत. आणि माप नेमकं घ्यायचं. पाय वाढतोय म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. ओल्या बुटात पाय सरकतो, आणि बूट मोठा असला की

हे इथंच थांबवतो. मुद्दा कळला असेल.

यादी पाहिली. अकराव्या नंबरवर करिश्मा सम्राट रणपिसे, माप दोन. तुझी आई वर्षातून दोनदा दौंडला येते, परत आल्यावर नातीचं जेवढं सांगेल तेवढंच मला ठाऊक. पायाचं माप आज कळलं. त्या मापाचा एक बूट काढून काउंटरवर ठेवला आहे. केवढा लहान असतो.

गमबूट घेऊ नयेत. कुणी फुकट दिले तरी नकोत. बाकी जाळीचे बूट माझ्याकडून घ्या किंवा दुसरीकडून घ्या, माझं काही म्हणणं नाही.

आपला,
चांगदेव भालेराव


शिरूर
९ जुलै २००४

चि. राजश्रीस आशीर्वाद.

दुसरं पत्रही शिक्क्याचंच आलं. तुमचे मुख्याध्यापक म्हणतात, दौंडचा एक व्यापारी गमबूट द्यायला तयार आहे, काटा, साप, चिखल या सगळ्यांपासून पाय सुरक्षित राहतो, पालकांनाही तेच पटतंय, तर तुमची हरकत काय ते लेखी कळवा. कळवतो.

गमबूट शेतात चांगला, गोठ्यात चांगला, कुरकुंभला कंपनीत खाली ॲसिडचं पाणी असतं तिथं तर लागतोच. जिथं पाणी बुटाच्या काठाच्या वर जाणार नाही, तिथं त्याच्यासारखा बूट नाही. पण नदीत खड्डा असतो. एक पाऊल खोल गेलं की वरून पाणी आत येतं, आणि आलेल्या पाण्याला जायला वाट नसते. मोठ्या माणसाच्या एका गमबुटात साडेचार लिटर पाणी मावतं. मी लिटरच्या मापानं ओतून पाहिलं आहे. पाण्यात असेपर्यंत त्याचं वजन जाणवत नाही, पण पाय पुढं टाकायचा म्हटलं तर आतलं पाणीही ओढत न्यावं लागतं. खाली गाळ असला तर तो बूट चोखून धरतो. वाकून काढायला जावं तर तोंड पाण्याखाली जातं. आणि भरलेला गमबूट एका झटक्यात निघत नाही. आत हवा शिरायला जागा नसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर मी दुकानातला नवा जोड घालून घोडनदीत उतरलो होतो, कमरेएवढ्या पाण्यात. आपल्या आळीतली रंगुबाई धुणं धूत होती. ती ओरडली, "आवं चांगदेवभाऊ, पँटीसकट कुठं चाललाव? डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हणालो, "बूट बघतोय." ती म्हणाली, "बूट दुकानात बघत्यात, नदीत न्हाई." मी आठ पावलं गेलो. नवव्याला पाय उचलेना. तिनं लुगड्याचं टोक टाकलं, ते धरून बाहेर आलो. गावात बरेच दिवस माझं हसू झालं.

त्यानंतर दुकानात जो नवीन बूट येतो तो मी आधी घमेल्यात बुडवतो, पायात घालतो आणि मागच्या बोळात पावलं मोजत चालतो. गिऱ्हाइकं याला माझा छंद समजतात. ट्रेकला जाणारी पुण्याची पोरं आता मुद्दाम थांबतात आणि म्हणतात, काका, पाणी टिकत नाही असा बूट द्या. त्यांनी असं विचारलं की मला पहिल्यांदा आत जाऊन पाणी प्यावं लागतं, मग मी बूट काढतो. सम्राटरावही त्या दिवशी दुकानात अगदी ह्याच शब्दांत बोलले होते.

हे वाक्य लिहून गेलो. खोडता येईल. पण नाही खोडत.

मुख्याध्यापकांना वरचा गमबुटाचा मजकूर दाखवावा. बाकीचा तुझ्यासाठी आहे.

आप्पा


शिरूर
१९ जुलै २००४

राजश्री,

तुझं कार्ड आलं. या वेळी शिक्का नव्हता. एकच ओळ होती, 'सम्राट तुमच्या दुकानात कधी आला होता?'

रविवारी आले होते. २१ ऑगस्ट १९९४. दुपारी दोनला आले आणि चारच्या एसटीनं गेले.

तू म्हणशील, तुम्ही तर सगळ्यांसमोर सांगितलंत की जावई महिनाभरात इकडं फिरकले नाहीत. सांगितलं. खोटं सांगितलं. तुझी आई तेव्हा केंदूरला तिच्या आईच्या आजारपणात होती, दुकानात मी एकटा होतो, म्हणून ते खोटं टिकलं. आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

ते आले तेव्हा पाऊस थांबला होता. तोंडावरून कळत होतं की घरी काहीतरी झालंय, पण त्यांनीच हसत सांगितलं, "तुमची लेक लई तापलीया, मामा. म्हणती, नदीची नोकरी सोडा, कुरकुंभला कंपनीत लागा." मी म्हणालो, "बरोबर बोलती. आता घरात दोघंच न्हाई राहनार तुम्ही." ते म्हणाले, "व्हय, ते खरं. पर मला शिफ्टचा भोंगा सोसत न्हाई. आजून एक पावसाळा काढतो, मंग बघू." मग त्यांनी पाय वर करून दाखवला. तळव्याला बाभळीचा काटा मोडून पिकलं होतं. पाण्याची पातळी वाचायच्या पट्ट्या नदीत उतरत्या रोवलेल्या असतात, पाणी ओसरलं की खालच्या पट्टीपर्यंत चिखलातून जावं लागतं, पट्टीला अडकलेला पालापाचोळा काढावा लागतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. स्लिपर रुतते, अनवाणी जावं तर काटे. म्हणाले, "मामा, मला आसा बूट द्या, पानी आत येऊ द्या, पर आलेलं पानी टिकाया नको. हा कॅनव्हासचा घेतो आन् तुम्ही त्याला खालून चार भोकं पाडा."

मी हसलो. म्हणालो, "पानी आत येनारा बूट इकाया मी काय येडा हाय व्हय? जावई माझा, आन् भोकाचे बूट घालून साहेबाम्होरं जानार?" मी वरून गमबूट काढले. गुडघ्यापर्यंतचे, काळे, नवेकोरे. त्यांचं माप आठ. आठ नंबर संपला होता, नऊ होता. ते म्हणाले, ढिले होतात. मी म्हणालो, दोन मोजे घाला. ते परत म्हणाले, "मामा, ह्यात पानी शिरलं तर?" मी म्हणालो, "शिरनारच न्हाई, म्हणून तर देतोय." त्यांना ते नको होते, राजश्री. सासऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी पिशवीत घातले.

जाताना म्हणाले, "मामा, चार दिसांनी राजश्रीला हिकडं आनून सोडतो. शिरूरच्या डॉक्टरीनबाई बऱ्या हायेत म्हनं. तवर तिचा राग बी उतरंल. आज खोलीवरच झोपतो, उद्या पातळी घेऊन घरी जातो आन् समजावतो." खोली म्हणजे पाटबंधारे खात्याची ती नदीकाठची. एसटीत चढल्यावर पुन्हा खाली उतरून त्यांनी स्टँडसमोरून तुझ्यासाठी चिंचा घेतल्या.

सोमवारी बाराच्या सुमारास शेजारच्या मेडिकलमध्ये दौंडहून फोन आला, जावई नदीत गेले, सापडत नाहीत. मी पोचलो तेव्हा पोलीस वर काठावर चपलांचा पंचनामा करत होते. गेणबा भोई होडी घेऊन खाली गेला होता, मीही काठाकाठानं खाली चालत गेलो. रेल्वे पुलाच्या खाली बुडालेल्या बाभळीत त्याला ते सापडले. मला बघून त्यानं त्यांना बाहेर ओढलं. तिथं आम्ही दोघंच होतो. एक पाय मोकळा होता, आणि दुसऱ्या पायात तो बूट, वाळूनं आणि पाण्यानं भरलेला. गेणबा म्हणाला, "ह्या बुटानं नेलं पोराला. कोन्या शान्यानं दिला आसंल त्याला ह्यो?"

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि तो बूट काढला. सहज निघाला नाही. काढून माझ्या पिशवीत घातला. गेणबा बघत राहिला. म्हणाला, "पावनं, ह्ये बरं न्हाई." मी त्याच्या पाया पडलो. पोलीस खाली आले तेव्हा सम्राटराव अनवाणी होते.

काठावर त्यांच्या चपला जोडून ठेवलेल्या होत्या, बूट घालताना काढलेल्या. माणसं म्हणाली, चपला अशा लावून जो पाण्यात जातो त्याला परत यायचं नसतं. तू रडत ओरडलीस, "मीच म्हणाले, नदी सोडायची नसंल तर नदीतच राहा मग!" सगळ्यांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. तिथंच मला सांगायचं होतं. मला वाटलं, आज नको, आधी अग्नी देऊन होऊ दे. मग वाटलं, जलदानविधी होऊ दे. त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांनी, सोपानरावांनी, पन्नास माणसांत तुझ्याकडं बोट करून म्हटलं, हिनं घालवला. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "आप्पा, तुम्ही तरी कायतरी बोला." मी उठलो, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि स्टँडवर गेलो.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मला ते सोयीचं झालं. हेही लिहून टाकतो.

मी विहारात जाणारा माणूस आहे, भुतंखेतं मानत नाही. पण पावसाळ्यात दुपारी चारच्या सुमारास दुकानात कुणी नसलं की मागच्या बाजूनं चालण्याचा आवाज येतो. कोरड्या पायाचा नाही. बुटात पाणी असल्यावर येतो तसा, भक्क, भक्क. काउंटरपर्यंत येतो आणि थांबतो. पहिल्या वर्षी मी वळून बघत होतो. आता बघत नाही, पण गिऱ्हाईक असलं तरी बोलता बोलता थांबतो. परवा एक बाई म्हणाली, काका, कुणाची वाट बघताय का? बूट पोटमाळ्यावर आहे. दर मृगात मी तो खाली काढून उन्हात ठेवतो. दहा वर्षं झाली, आत हात घातला की अजून बोटांना वाळू लागते.

तू काय करशील ते करायला मोकळी आहेस.

चांगदेव


शिरूर
६ ऑगस्ट २००४

राजश्री,

उत्तर आलं नाही. यावं असं मी धरूनही नव्हतो. अठ्ठावीस जोड एसटी पार्सलनं पाठवले आहेत. सगळ्यांना भोकं पाडली आहेत, प्रत्येक जोड भिजवून पाहिला आहे, मापं यादीप्रमाणं. तुला माझ्याकडून नको असतील तर परत पाठव, पण मुलींना गमबूट घालून नेऊ नकोस. एवढं ऐक.

तुला मागचं पत्र लिहिलं त्याच दिवशी मी तुझ्या आईलाही सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "पोरीला धा वर्सं म्या समजावलं, की बाई, जानाऱ्यानं जायचंच ठरवलं तर कुनी काय करावं. माझ्या तोंडून तिला ह्ये वदवलंत तुम्ही?" मग पिशवी भरली आणि केंदूरला भावाकडं गेली. मी अडवलं नाही. ती तुझ्याकडं येईल, तिला दारातून परत पाठवू नकोस. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी मी तो बूट घेऊन दौंडला आलो होतो. तुझ्या घरावरून गेलो नाही, स्टँडवरून सरळ नदीकडं गेलो. गेणबा आता थकलाय, एका डोळ्यानं दिसत नाही. दारात खाटेवर बसून जाळं विणत होता. मी नाव सांगितलं तर म्हणाला, "नाव कशाला सांगता? पिशवीवाले पावनं न्हवं का? लई उशीर केलात."

मी म्हणालो, "गेणबा, पोलिसांत जायचंय. तुम्ही जे बघितलं ते सांगाल का?"

तो म्हणाला, "सांगीन की. पर तुम्हाला तरी म्हाईत हाय का, म्या काय बघितलं? एक बूट त्यानं काढला व्हता. त्यो काय आपोआप न्हाई निघत. आन् दुसऱ्याच्या काठाला नखं वढलेली व्हती, त्याची बोटं बी सोलली व्हती. ज्याला मरायचंय त्यो बूट कशापायी काढंल, सांगा. शेवटपातुर झगडला त्यो. गावात लोक काय बाय बोलत व्हते तवा माझ्या जीभंवर येत व्हतं. तुमी पाया पडलाव म्हणून गप बसलो. माझं बी चुकलंच."

मी बूट पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला. त्यानं काठावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. ते ओरखडे मला माहीत होते, राजश्री. दर मृगात बूट उन्हात ठेवताना ते मला दिसत होते. त्यांचा अर्थ काय, हे मला गेणबानं सांगायची गरज नव्हती. तरी मी दहा वर्षं गप्प राहिलो आणि तू समजत राहिलीस की ते तुझ्या शब्दावर गेले.

आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथला अंमलदार तरुण आहे, तेव्हा शाळेत असेल. म्हणाला, आजोबा, प्रकरण जुनं आहे, पुढं काय होईल ते साहेब ठरवतील, पण लिहून द्या. मी लिहून दिलं. पुरावा मी लपवला, बूट मी दिला होता, दोन्ही लिहिलं. गेणबानं त्याचं सांगितलं आणि अंगठा दिला. बूट त्यांनी ठेवून घेतला. पोच मिळाली. तिची आणि दोन्ही जबाबांची नक्कल सोबत जोडली आहे. एक नक्कल सोपानरावांना रजिस्टरनं पाठवली आहे. तू कुणाला दाखवायची ते तू ठरव.

पोटमाळा रिकामा झाला. आवाज मात्र काल चारला पुन्हा आला. तो बुटासाठी येत नव्हता, असं दिसतं.

चांगदेव


दौंड
१८ ऑगस्ट २००४

आप्पा,

तुमची चारही पत्रं माझ्याजवळ आहेत. तिसरं मी स्टाफरूममध्ये उघडलं आणि पुढचा तास बुडवला. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मुख्याध्यापकांना वाटलं घरी कोणी गेलं. मी म्हटलं, हो.

बूट परत पाठवले नाहीत. मुलींचा प्रश्न होता. काल सहलीहून आलो. एकीच्याही पायाला फोड नाही, कोणी घसरलं नाही. प्रत्येक ओढा ओलांडला की सव्वीस जणी पलीकडे उभ्या राहून पाय आपटत, पाणी किती पावलांत जातं ते मोजत होत्या. चांगले बूट आहेत. हे लिहिताना मला तुमचा भयंकर राग येतोय, पण ते चांगले आहेत.

आमच्या घरापासून भीमा दहा मिनिटांवर आहे. करिश्माला मी नऊ वर्षांत एकदाही तिथे नेलं नाही. शाळेत पोरी तिला म्हणायच्या, तुझ्या बापाला तू नको होतीस म्हणून त्यानं जीव दिला. ती घरी येऊन मला विचारायची आणि मी पोळ्या लाटत राहायचे. काय सांगणार होते? मलाही तेच वाटत होतं. तो माझ्या एका वाक्यावर उठून गेला आणि पोटातल्या पोरीचाही त्यानं विचार केला नाही, हे मी दहा वर्षं त्याला मनातल्या मनात बोलत आले. त्याचा फोटो मी ट्रंकेत साड्यांच्या खाली पालथा घालून ठेवला होता.

बूट लपवलात, ते मी कधीतरी समजू शकेन. तुम्ही घाबरलात. पण 'चार दिसांनी राजश्रीला हिकडं आनून सोडतो' ही ओळ का लपवलीत? ती माझी होती. 'उद्या घरी जातो आन् समजावतो' हीसुद्धा. यात कुठे बूट आहे? नुसतं एवढं सांगितलं असतंत, की तो हसत होता, त्यानं माझ्यासाठी चिंचा घेतल्या, तरी मी वेगळी जगले असते. तुम्हाला कोणी विचारलंही नसतं, त्याच्या पिशवीत काय होतं. चिंचा गेणबाला माहीत नव्हत्या, पोलिसांना माहीत नव्हत्या. फक्त तुम्हाला.

गेणबांकडे मी जाऊन आले. त्यांनी जागा दाखवली. सासऱ्यांनाही तुमचं रजिस्टर मिळालं. ते आले होते, म्हाताऱ्या माणसासारखे ओट्यावर बसून राहिले, माझ्याकडे वर बघितलं नाही. मी चहा दिला. तो पिऊन ते गेले. आई चार दिवसांपासून इथेच आहे.

करिश्माला मी सहलीत सांगितलं, नदीच्या काठावर. दुसऱ्या मुली पुढे गेल्या होत्या. मी म्हटलं, "तुझे बाबा त्या दिवशी कामावर गेले होते. पाणी मोजायला. बुटात पाणी भरलं आणि त्यांना वर येता आलं नाही. वर यायला ते खूप झगडले."

ती म्हणाली, "म्हणजे ते घरी येणार होते?"

"हो. दुपारी जेवायला."

"मग मुली म्हणतात ते खोटं?"

"खोटं."

तिनं पाय आपटून बुटातलं पाणी काढलं. मग म्हणाली, "तुला हे आधीपासून माहीत होतं?" मी नाही म्हटलं. "मग कोणाला माहीत होतं?" मी सांगितलं. तिनं विचारलं, "आजोबांनी का नाही सांगितलं?"

याचं उत्तर मी दिलं नाही, आप्पा. ते माझं काम नाही. पत्रातही चालणार नाही, तुमची पत्रं मी तिला वाचू देणार नाही. तिच्यासमोर उभं राहून, तिच्या तोंडाकडे बघून, तिला कळेल अशा शब्दांत तुम्ही सांगायचं. ती नऊ वर्षांची आहे, पण मधेच प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. तिच्या बापासारखी.

येत्या रविवारी बावीस तारीख आहे. फोटो आज भिंतीवर लावला. सकाळी आम्ही दोघी आणि आई नदीवर जाणार आहोत, तेव्हा येऊ नका. दुपारी दोननंतर या. करिश्मा दार उघडेल. जे सांगायचं ते उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगा. नंतर आत बोलवीन की दार लावून घेईन, ते मला अजून माहीत नाही.

राजश्री